घरात पाणी शिरतं तेव्हा: शहरातल्या आकस्मिक पुराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर आमच्याकडे जे प्रश्न येतात, त्यांतून हे पान तयार झालं आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. सध्या पाणी चढत असेल तर बाकीचं सोडा, थेट प्रश्न ७ वाचा.

१. पाणी तुंबणं आणि पूर येणं यात फरक काय? आमच्याकडे तर दरवर्षीच तुंबतं.

तुंबलेलं पाणी उभं असतं, पुराचं पाणी वाहतं. घोट्याएवढ्या उभ्या पाण्यात चपला हातात घेऊन घरी जाता येतं. तेवढंच पाणी उतारावरून वेगाने येत असेल तर पाय सरकतो. आकस्मिक पूर म्हणजे पाऊस सुरू झाल्यापासून साधारण सहा तासांच्या आत येणारा पूर. शहरात तो तासाभरातही येतो. मोठ्या नदीचा पूर एक-दोन दिवस आधी सांगून येतो, वरच्या धरणाचे आकडे कळतात, सामान हलवायला वेळ मिळतो. इथे हा वेळच नसतो. दरवर्षी तुंबणाऱ्या भागातल्या लोकांना वाटतं, आपल्याला सवय आहे. ती सवय तुंबलेल्या पाण्याची असते.

२. आमच्या आसपास नदी नाही, नाला नाही. मग पूर कुठून येणार?

वरून. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. तासाभरात ५० मिमी पडला तर एक हेक्टर जागेवर ५ लाख लिटर पाणी येतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ५० टँकर. मोकळ्या मातीत यातलं बरंच मुरलं असतं. गच्ची, डांबर, काँक्रीट आणि फरशी बसवलेलं पार्किंग यांवरून जवळपास सगळं काही मिनिटांत सखल भागाकडे निघतं.

शिवाय ‘नाला नाही’ हे तपासून घ्या. बऱ्याच शहरांत जुने ओढे पाइपात घालून वर रस्ते केले आहेत. नकाशावरून ओढा गेला तरी उतार तसाच राहतो, आणि पाइपात मावलं नाही की पाणी त्याच जुन्या वाटेने वरून येतं.

३. गटारं वेळेवर साफ केली असती तर पाणी भरलंच नसतं ना?

हे अर्धं खरं आहे. पण हाच अर्धा भाग इतक्या जोरात सांगितला जातो की उरलेला कोणी ऐकतच नाही.

आधी खरा भाग. पहिल्या सरीबरोबर रस्त्यावरची पानं आणि पिशव्या गटाराच्या जाळीवर येऊन बसतात. ओली पिशवी जाळीवर चपटी चिकटली की खालचं गटार कितीही स्वच्छ असलं तरी पाणी आत जात नाही. पाऊस सुरू व्हायच्या आत जाळी साफ ठेवणं हे कोणत्याही गल्लीला जमण्यासारखं काम आहे. पाणी साचल्यावर मात्र हात घालू नका. बाजूला उभं राहून लांब दांड्याच्या पंज्याने ओढा आणि झाकण उचलू नका.

आता दुसरा भाग. गटाराची क्षमता ठरलेली असते. मुंबईची जुनी पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिमी पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती. पाऊस तिप्पट पडला तर चकचकीत गटारही तिप्पट पाणी नेणार नाही. तिसरी गोष्ट म्हणजे गटाराचं तोंड. ते ज्या नदीत किंवा खाडीत उघडतं तिथली पातळी भरतीमुळे किंवा पुरामुळे वर असेल तर पाणी बाहेर पडत नाही, उलट आत येतं. गाळ काढून हा प्रश्न सुटत नाही. त्याला झडपा आणि पंप लागतात.

४. बातमीत ‘ढगफुटी’ म्हणतात. खरंच ढगफुटी असते का ती?

बहुतेक वेळा नसते. भारतीय हवामान विभागाच्या हिशेबात साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या भागात तासाला १०० मिमी पाऊस झाला तर ती ढगफुटी. पण घरात पाणी शिरायला ढगफुटी लागत नाही. ४०-५० मिमीचा तासही पुरतो.

शहराचा सरासरी पाऊस किती पडला, या आकड्याला आम्ही फारसं महत्त्व देत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी त्याच शहरातल्या कुलाब्यात शंभर मिमीसुद्धा झाला नाही. सरासरी काढली तर दोन्हीकडचं चित्र खोटं ठरतं. आणि दिवसभराच्या आकड्यापेक्षा तासाचा आकडा विचारा. १०० मिमी दिवसभर रिमझिमत आला तर पचतो. तोच तासात आला तर वाताहत होते.

५. आमच्याकडे पाऊस नव्हताच, तरी पाणी कसं आलं?

ते वरच्या अंगाला पडलं होतं. याचं सर्वात भयंकर अलीकडचं उदाहरण २९ ऑक्टोबर २०२४ चं, स्पेनमधल्या वॅलेन्सिया प्रांतातलं. डोंगराकडच्या तूरिस इथे एका दिवसात ७७० मिमीहून अधिक पाऊस झाला. खाली सपाटीवर पायपोर्ता गावात जवळजवळ पाऊस नव्हता आणि लोक रोजच्या कामात होते. एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्यातून पाण्याचा लोंढा आला. मोबाइलवरचा धोक्याचा इशारा रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी पोहोचला, तेव्हा पायपोर्तात पाणी आधीच शिरलं होतं. त्या प्रांतात २२० हून अधिक माणसं गेली.

म्हणून आपल्या गल्लीवरच्या आभाळापेक्षा आपल्या ओढ्याच्या उगमाकडचं आभाळ महत्त्वाचं. तिकडे राहणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांचा नंबर हाताशी ठेवा. ‘इकडे कोसळतोय’ एवढा एक निरोप वीस मिनिटं मिळवून देतो.

६. इशारा किती आधी मिळतो? आणि नाहीच मिळाला तर?

‘उद्या या भागात मुसळधार’ हे आदल्या दिवशी कळतं. नेमकी कुठली वस्ती बुडेल हे रडारवरून फार तर एक-दोन तास आधी कळतं. म्हणून शहरासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला की आपल्या गल्लीपुरतं ते खरं धरून चालावं. तीनदा काहीच झालं नाही म्हणून चौथ्यांदा दुर्लक्ष करणारे खूप आहेत.

घर स्वतःही सांगत असतं. पहिली खूण बहुधा न्हाणीत दिसते. तळमजल्यावर मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो, बुडबुडे फुटतात, कमोडमधलं पाणी आपोआप वरखाली होतं. याचा अर्थ बाहेरचं चेंबर भरलं आहे आणि पाणी दारातून येण्याआधी तुमच्याच पाइपातून येणार आहे. दुसरी खूण, रस्त्यावरच्या जाळीत पाणी जायचं थांबतं आणि तिच्यातून बाहेर येऊ लागतं. तिसरी, नाल्याचं पाणी अचानक गढूळ होतं किंवा भर पावसात एकदम कमी होतं. कमी झालं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका, वर कुठेतरी ते अडलेलं असू शकतं.

बाहेरच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारा, पाच मिनिटांनी पुन्हा पाहा. पाच मिनिटांत पाच सेंटीमीटर चढलं असेल तर याच वेगाने तासाभरात ६० सेंटीमीटर होईल. ‘वाढतंय का हो?’ या चर्चेपेक्षा ही रेघ बरी.

७. पाणी शिरायला लागलं. पहिल्या दहा मिनिटांत काय करू?

आधी माणसं, तीही खालची. तळघरात किंवा तळमजल्यावर झोपलेलं, आजारी किंवा एकटं कोणी असेल तर त्यांना वर न्या. मग मेन स्विच बंद करा, पण तिथवर कोरड्या पायाने पोहोचता आलं तरच (प्रश्न ११). गॅसचा कॉक बंद करा. कागदपत्रांची पिशवी, रोजची औषधं, चष्मा, चार्जर आणि पिण्याचं पाणी एवढं वर न्या. वेळ उरलाच तर मोरीच्या जाळीवर आणि कमोडमध्ये ओल्या वाळूची किंवा मातीची जाड पिशवी दाबून बसवा. त्याने गटाराचं पाणी पूर्ण थांबत नाही, पण बरंच कमी होतं.

टीव्ही, गादी, फ्रिज यांच्या मागे लागू नका. पाणी घोट्यावर असताना फ्रिज उचलायला घेतात आणि तो टेबलावर चढेपर्यंत ते गुडघ्यावर येतं, असं आम्ही दरवेळी पाहतो. बाहेरची मदत या दहा मिनिटांत येणार नाही, कारण सगळे रस्ते एकाच वेळी बुडतात. तेव्हा कामाला येतो तो शेजारी. म्हणून वरच्या मजल्यावरच्या कोणाकडे जायचं हे आधीच ठरवून ठेवा आणि त्यांनाही सांगून ठेवा.

८. गाडी बेसमेंटमध्ये आहे. पटकन जाऊन काढू का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात राहणार असेल तर ते हे राहू द्या.

उतारावरून पाणी आत येऊ लागलं की बेसमेंट हळूहळू भरत नाही. रॅम्प म्हणजे नरसाळंच असतं. आणि दार उघडत नाही. ९० सेंटीमीटर रुंदीच्या दारामागे ३० सेंटीमीटर पाणी साचलं तर दारावर सुमारे ४० किलोचा दाब येतो. ५० सेंटीमीटरला तो ११० किलो होतो, एक मीटरला ४५० किलो. पाण्याची उंची दुप्पट झाली की दाब चौपट होतो, आणि अंदाज चुकतो तो इथेच. दार पाण्याच्या विरुद्ध उघडायचं असेल तर धडधाकट माणसाचीही ताकद गुडघ्याच्या आसपासच संपते.

८ ऑगस्ट २०२२ ला दक्षिण कोरियाच्या सोलमधल्या अर्ध-तळघरातल्या घरात एक कुटुंब असंच अडकलं. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्कमध्ये ११ जणांचा तळघरातल्या खोल्यांत जीव गेला. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात तीन विद्यार्थी बुडाले. वॅलेन्सियात कित्येक जण गाडी वाचवायला गॅरेजमध्ये उतरले आणि वर आलेच नाहीत.

गाडी हलवायची ती इशारा आल्यावर, आभाळ कोरडं असताना.

९. गुडघाभरच पाणी आहे. चालत घरी जाऊ शकतो ना?

उभं असेल, रस्ता ओळखीचा असेल आणि थांबायला दुसरी जागाच नसेल तर सावकाश. वाहतं असेल तर १५ सेंटीमीटर पाणीही मोठ्या माणसाला पाडू शकतं. शिवाय पाणी गढूळ असतं, तळ दिसत नाही. गटारात दाब वाढला की मॅनहोलचं झाकण आतूनच उचललं जाऊन बाजूला पडतं. वरून दिसतो तो फक्त एक छोटा भोवरा, कधी तोही नाही. दांडा किंवा मिटलेली छत्री पुढे टेकत चाला. कंपाउंडच्या भिंतीच्या कडेने जाऊ नका, एका बाजूला पाणी साठलेली भिंत न सांगता पडते. विजेचे खांब आणि फीडरच्या पेट्या यांपासून लांब राहा. सर्वात चांगला सल्ला कंटाळवाणा आहे: ऑफिसात, शाळेत, जिन्यात, जिथे कोरडं आहे तिथेच तीन-चार तास काढा. २००५ साली मुंबईत असंख्य लोकांनी अनोळखी घरांत रात्र काढली आणि ते सुखरूप राहिले.

१०. गाडी मोठी आहे, उंच आहे. एसयूव्हीला काय होतंय?

तरंगते. ३० सेंटीमीटर पाणी लहान गाड्यांना उचलू लागतं, ६० सेंटीमीटर वाहत्या पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात, एसयूव्हीसुद्धा. वजन जास्त असलं तरी आतली हवाही जास्त असते.

गाडी बंद पडली आणि पाणी वाढत असेल तर लगेच काचा खाली करा आणि बाहेर पडा. पॉवर विंडो भिजल्या की चालतील याचा भरवसा नाही. दाराचं गणित प्रश्न ८ मधलंच. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा मोह आवरा, पाणी सिलिंडरमध्ये ओढलं गेलं की इंजिनच मोडतं. नंतरही बॅटरी काढून टो करूनच न्या. असं इंजिनचं नुकसान तुमच्या विम्यात धरलं आहे का हे पॉलिसीत शोधून ठेवा, बऱ्याचदा त्यासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं. इलेक्ट्रिक गाडी खाऱ्या पाण्यात बुडाली असेल तर ती घरापासून लांब, मोकळ्यावर उभी करायला सांगा. अशा बॅटऱ्यांनी काही दिवसांनंतरही पेट घेतल्याची उदाहरणं आहेत.

११. पाणी मीटरपर्यंत आलं नाही, तरी वीज बंद करायची का? इन्व्हर्टरचं काय?

हो, करायची. खालचे सॉकेट आणि जमिनीवर पडलेला एक्स्टेन्शन बोर्ड मीटरच्या बरेच आधी बुडतात. पण मेन स्विचपाशी आधीच पाणी असेल तर त्याला हात लावू नका, वीज कंपनीला कळवून बाहेरून बंद करायला सांगा.

मेन बंद केला तरी इन्व्हर्टर घरात वीज सोडतच असतो, तो वेगळा बंद करावा लागतो. छतावरचे सोलर पॅनल उजेड असेपर्यंत वीज बनवत राहतात, त्यांचा आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) कुठे आहे हे माहीत हवं. इमारतीची लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवा. जनरेटर घरात, जिन्यात किंवा बंद गॅलरीत कधीच लावू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पुरातून वाचलेली माणसं यानेही गेली आहेत.

१२. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आमचा काय संबंध?

तुमचा पाण्याचा पंप, पंपाची पॅनल, लिफ्टची मोटर कधीकधी, आणि जमिनीखालची टाकी, सगळं तळाशी आहे. ते बुडलं की चौथ्या मजल्यावर दोन-चार दिवस नळाला पाणी नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना खाली उतरणं नाही. पॅनल भिंतीवर दीड-दोन मीटर वर हलवणं हा सोसायटीचा बहुधा सर्वात वसूल होणारा खर्च आहे.

१३. पाणी तर सहा तासांत ओसरलं. मग वस्तीला सावरायला महिने का लागतात?

कारण पाणी मोजलं जातं, खोळंबा मोजला जात नाही.

आमच्या ओळखीतल्या एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. मशीन त्यांनी वेळेवर कॉटवर चढवलं आणि ते वाचलं. खाली गाठोड्यात गिऱ्हाइकांचे कपडे होते, ते गटाराच्या पाण्यात भिजले. नुकसानीच्या फॉर्मवर ‘मशीन’ असा रकाना होता, दुसऱ्यांच्या कपड्यांना रकाना नव्हता. पुढचे कित्येक महिने त्यांनी ते फुकट शिवून फेडले, आणि काही गिऱ्हाइकं परत आलीच नाहीत. अशी नुकसानं वस्तीभर पसरलेली असतात. रोजंदारीचे बुडालेले दिवस, भिजलेलं दुकानाचं उधारीचं वहीखातं, वाहून गेलेली आधी घेतलेल्या औषधांची चिठ्ठी.

शाळेत लोकांना ठेवतात म्हणून शाळा बंद राहते, शाळा बंद म्हणून आईला कामावर जाता येत नाही. तळमजल्यावरचा दवाखाना नेमका गरज असताना बंद असतो. भाडेकरूंचं सामान बुडतं, पण पंचनामा करणारा घरमालकाला विचारतो. ज्यांना परवडतं ते दोन पुरांनंतर वस्ती सोडतात आणि स्वस्त झालेल्या खोल्यांत आणखी कमी बळ असलेलं कोणी येतं. त्यांना आधीच्या पुराची आठवण नसते. पुढच्या वेळी मोरीतली गुडगुड ओळखणारं माणूस गल्लीत उरत नाही.

आणि मुलं. साधा पाऊस लागला तरी रात्री उठून दाराशी पाणी आलं का ते बघणारं मूल जवळपास प्रत्येक बुडालेल्या गल्लीत भेटतं. ‘घाबरू नकोस’ म्हणण्यापेक्षा त्याला एक काम द्या, खडूची रेघ बघायचं. बऱ्याच मुलांना याने धीर येतो.

१४. पुराच्या पाण्यातून चाललो होतो. काही औषध घ्यावं का?

आधी साबणाने पाय धुवा आणि जखमा बघा. मुख्य भीती लेप्टोस्पायरोसिसची. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतले जंतू चिरांमधून शरीरात जातात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. लक्षणं साधारण ५ ते १४ दिवसांनी, कधी महिन्याभरानेही दिसतात: ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं, लाल डोळे. तोवर पूर विसरलेला असतो, म्हणून डॉक्टरांना ‘मी पुराच्या पाण्यात होतो’ हे आपणहून सांगा. प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही हे तेच ठरवतील, शेजाऱ्याची उरलेली घेऊ नका.

जमिनीखालची टाकी बुडाली असेल तर तिच्यात गटार मिसळलं आहे असंच समजा. पूर्ण उपसा, घासा, क्लोरिन टाका. तोवर पाणी खळखळ उकळूनच प्या. पेट्रोलचा किंवा रसायनाचा वास येत असेल तर उकळूनही उपयोग नाही.

१५. भिजलेल्या वस्तूंमधलं काय वाचतं?

गाद्या, उशा, प्लायवूड नाही. लाकूड आणि धातू हो. एक-दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून दारं-खिडक्या उघडून सुकवायला लागा. टाकण्याआधी प्रत्येक वस्तूचा फोटो काढा, भिंतीवरच्या ओलाव्याच्या रेघेसकट. महत्त्वाचे कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका, प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते आणि नंतर निवांत सोडवता येतात.

१६. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ आमच्याकडे पाच वर्षांत दोनदा आला. आकडे खोटे आहेत का?

नाव फसवं आहे. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. एकदा आला म्हणून पुढची ९९ वर्षं सुट्टी मिळत नाही. ३० वर्षं एकाच घरात राहिलात तर असा पूर बघण्याची शक्यता २६ टक्के. शिवाय हा हिशेब जुन्या पावसाच्या नोंदींवरचा असतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणजे पडायला जास्त पाणी तयार. त्यात वरच्या अंगाची मोकळी जागा काँक्रीटने भरली असेल तर जुना आकडा तुमच्या गल्लीला लागूच होत नाही.

१७. आम्ही जोतं उंच केलं, फाटकाला फळी बसवली. पाणी शेजाऱ्यांकडे गेलं म्हणून भांडण झालं. चूक कोणाची?

उंबऱ्याला काढघाल करता येणारी फळी लावणं योग्यच आहे, ती तुमच्या घरात येणारं पाणी थांबवते आणि शेजाऱ्यांच्या पातळीत फारसा फरक पडत नाही. पण अख्ख्या प्लॉटला भराव घातलात किंवा पाण्याच्या वाटेवर आडवी भिंत बांधलीत तर ते पाणी शेजारीच जाणार, त्यांचा राग रास्त आहे. त्यांनीही भिंत बांधली तर पुढच्यांकडे. गल्लीने मिळून एक वाट मोकळी ठेवणं स्वस्त पडतं, जमवणं मात्र अवघड. दुसरी अडचण: रस्त्यावर दरवेळी डांबराचा थर चढतो आणि जोतं आपोआप खाली जातं. नवा थर द्यायच्या आधी जुना खरवडा, ही मागणी वेळेवर करा.

१८. परदेशात मोठे बोगदे बांधतात. आपला प्रश्न त्याने सुटेल का?

थोडा. तोक्योजवळ ६.३ किलोमीटरचा भूमिगत कालवा लहान नद्यांचं जादा पाणी मोठ्या नदीत नेऊन सोडतो. क्वालालंपूरमध्ये २००७ पासून एकच बोगदा वाहतुकीलाही वापरतात आणि पुराच्या पाण्यालाही. २ जुलै २०११ च्या पावसानंतर कोपनहेगनने वेगळी वाट धरली: बागा आणि मैदानं खोलगट करायची, ठरावीक रस्त्यांवरूनच पाणी वाहू द्यायचं, काही तास मैदान बुडालं तर बुडू द्यायचं. आम्हाला ही वाट जास्त पटते. पण प्रत्येक व्यवस्थेला मर्यादा असते. २० जुलै २०२१ ला चीनमधल्या झेंगझौत एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला, भुयारी रेल्वेत पाणी शिरलं आणि तिथे १४ प्रवासी गेले. तेवढा पाऊस पचवणारं गटार कोणी बांधत नाही. तिथे उपयोगी पडला असता तो वेळेवर थांबवलेला प्रवास.

१९. नवीन घर बघतोय. तिथे पाणी भरतं का, हे दलाल सांगत नाही. कसं ओळखावं?

पावसात जाऊन या, तेही जोराच्या सरीनंतर अर्ध्या तासात. नाही जमलं तर कोरड्या दिवशी तळमजल्यावर फिरा. जिन्याखाली आणि पार्किंगच्या खांबांवर सगळीकडे एकाच उंचीवर रंगाची छटा बदललेली दिसते का पाहा. दारांच्या चौकटी खालून कुजल्या आहेत का, दुकानांच्या पायऱ्या रस्त्याच्या मानाने उगाच उंच आहेत का ते बघा. वॉचमनला ‘पाणी भरतं का?’ विचारलंत तर तो नाही म्हणेल. ‘मागच्या वेळी कुठपर्यंत आलं होतं?’ असं विचारा, तो हाताने उंची दाखवेल. आणि विजेचे मीटर छातीच्याही वर, नव्या फळीवर बसवलेले दिसले तर ते कधी आणि का हलवले एवढं विचारून घ्या.